वीसपैकी सात

आकडा लहान होता. पडद्याच्या कोपऱ्यात,
दुसऱ्या कुणाचा असावा असा.
मी पान पुन्हा उघडलं, तीनदा,
मग लुसाबेरच्या फोनवरही.
सात. आठला पास होतात.
आधीच्या तिन्ही सत्रांत सोळाच्या खाली आले नव्हते,
आणि पेपर, शपथेवर सांगते, चांगला गेला होता:
खांब, त्याच्यावरचा भार, त्याच्या पोटातली सळई,
सगळं हातासरशी सुटत गेलं होतं.

येरेवान ते ग्युमरी, दोन तासांची व्हॅन.
मागच्या सीटवर, मांडीवर बॅग,
मी वाक्यं घडवत बसले.
सर खुनशी आहेत.
मला ताप होता.
अर्धा वर्ग उडालाय, बाबा.
उडाले होते चौघं.
उजवीकडे आरागात्स, बर्फानं भरलेला,
आपल्याला काय त्याचं, असा.
तालिनपाशी ड्रायव्हर सिगारेट ओढायला उतरला
तोवर सगळी वाक्यं वितळली होती.
उरलं होतं फक्त बाबांचं घसा खाकरणं.

बाबा गॅसचे मीटर वाचतात, घरोघर.
आकडा वहीत उतरवतात,
आणि निघताना प्रत्येक घरात
बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघतात.
लोक विचारतात, "काय म्हणते भिंत, हमझास्प?"
लोक हसतात. ते नाही.
आमच्याकडे शाळेत दहापैकी नऊ म्हणजे
"एक कुठे सांडलास?"
आठ म्हणजे कुणी न बोलता जेवण.
आईनं तर अख्ख्या जिन्याला सांगून ठेवलंय,
मुलगी इंजिनिअर होणार,
आणि त्यातलं "होणार" तिनं कधीच
"झाली" करून टाकलंय.

"निकाल?" बाबांनी विचारलं. सूप अजून गरम होतं.
"सात."
"दहापैकी?" आई म्हणाली,
जणू मला एक पळवाट काढून देत होती.
"वीसपैकी."

मग आई सुरू झाली.
मोज्यांच्या कारखान्यातल्या रात्रपाळ्या,
माझा फोन, माझी ती लुसाबेर,
तळमजल्यावरच्या क्नारिकला आता काय सांगायचं.
बाबांनी चमचा खाली ठेवला.
"चुकलं काय?"

पेपरची प्रत बॅगेत होती. टेबलावर पसरली.
पहिल्याच ओळीत एक शून्य गळालं होतं.
पुढची चार पानं त्या गळालेल्या शून्यावर
बिनचूक, देखणी, उभी होती.
बाबांना त्यातलं काही कळत नाही.
ते पेरानं कागद वाजवल्यासारखं करून म्हणाले,
"पडली असती?"
"काय?"
"इमारत."
सूपवर साय धरत होती.
"हो," मी म्हणाले. "धक्का बसला असता तर."

आमच्या गावात या "तर"ला तारीख आहे.
अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर. बाबा सतरा वर्षांचे.
अरूस आत्या तिसऱ्या मजल्यावर.
नऊ मजली, नवीकोरी इमारत होती.
दोन दिवस त्यांनी हातांनी उपसलं,
आणि काँक्रीट, त्यांनी एकदाच सांगितलंय,
शिळ्या पावासारखं बोटांत चुरत होतं.

"त्या बांधणाऱ्याला," ते म्हणाले,
"कुणीतरी आठ दिले असणार."

एवढंच. पाठीवर हात वगैरे नाही.
"फेब्रुवारीत परत बस. तोवर सिनेमा नाही, लुसाबेर नाही.
आणि क्नारिकला तू स्वतः जाऊन सांग."
आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
भांडी मात्र बोलत होती.
मी क्नारिकला सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई,"
आणि संध्याकाळपर्यंत सहा मजले म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पेपर नव्हता.
खिडकीतून पाहिलं: बाबा बर्फातून निघाले होते,
काखेत मीटरची वही,
वहीतून माझ्या चार पानांचा कोपरा बाहेर.
त्यांना त्यात काय वाचायचं होतं
ते मी अजून विचारलेलं नाही.